दायित्वाचे वय : मुंबई प्रांत ते महाराष्ट्र, बालगुन्हेगारीविषयक कायद्यांचा ऐतिहासिक मागोवा (१८६०–२०२५)

सारांश

अल्पवयीन व्यक्तीला गुन्ह्यासाठी कोणत्या वयापासून जबाबदार धरावे, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रत्येक गाजलेल्या खटल्यानंतर नव्याने उपस्थित होतो. प्रस्तुत शोधनिबंधात १८६० च्या भारतीय दंड संहितेपासून २०१५ च्या बाल न्याय अधिनियमापर्यंत व त्यानंतरच्या घडामोडींपर्यंत या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. कायद्यात वयाच्या दोन रेषा आहेत. एक रेषा दायित्वाच्या आरंभाची व दुसरी बाल न्यायालयाच्या अधिकारकक्षेची. दुसरी रेषा अनेकदा सरकली, पहिली मात्र १८६० पासून जागची हललेली नाही. तसेच वय ठरविण्याची साधने अपुरी असल्याने कायद्याचा लाभ प्रत्यक्षात सर्वांना सारखा मिळत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : दायित्ववय, विधिसंघर्षग्रस्त बालक, मुंबई मुलांचा कायदा, बाल न्याय मंडळ, वयनिश्चिती.

१. प्रस्तावना

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोरीचा खोटा आळ येऊन ऋषींना सुळावर चढविले जाते. पुढे ते धर्मराजाला या शिक्षेचे कारण विचारतात. लहानपणी त्यांनी कीटकांना काडी टोचली होती, त्याचे हे फळ, असे उत्तर मिळते. अजाण वयातील कृत्याला एवढा मोठा दंड दिल्याबद्दल ऋषी धर्मालाच शाप देतात आणि चौदा वर्षे वयापर्यंतच्या कृत्याचे पाप लागणार नाही, अशी मर्यादा घालून देतात. शापामुळे धर्माला विदुराचा जन्म घ्यावा लागतो, ही कथा मराठी वाचकास परिचित आहे. वयाची मर्यादा वाढविण्याची ती एक प्राचीन कल्पना आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

स्मृतिग्रंथांतही हा विचार आढळतो. नारदस्मृतीत आठ वर्षांपर्यंतचे मूल गर्भस्थ अर्भकासारखे मानले असून सोळा वर्षांपर्यंत बाल्यावस्था सांगितली आहे. सोळा वर्षांखालील व्यक्तीस अर्धे प्रायश्चित्त, असा संकेतही धर्मशास्त्रात मिळतो. या विचारांची आधुनिक कायद्याशी थेट सांगड घालणे योग्य ठरणार नाही, कारण त्यामागील समाजरचना व दंडकल्पना वेगळी होती. तथापि बालकाचे कृत्य आणि प्रौढाचे कृत्य एका मापाने मोजू नये, हा विचार आपल्याकडे पाश्चात्त्य कायद्याबरोबरच आला, हा समज त्यावरून दूर होतो.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

सदर शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. अ) मुंबई प्रांत व महाराष्ट्रातील बालगुन्हेगारीविषयक कायद्यांतील वयोमर्यादेच्या बदलांचा क्रम मांडणे. आ) या बदलांमागील कारणांचा शोध घेणे. इ) वयनिश्चितीच्या प्रश्नाचे महत्त्व स्पष्ट करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अधिनियम, न्यायनिर्णय व समित्यांचे अहवाल ही मुख्य साधने आहेत.

३. दंड संहिता आणि सात वर्षांची रेषा

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा सादर केला. तो १८६० मध्ये संमत झाला व १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. संहितेच्या कलम ८२ नुसार सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही. कलम ८३ नुसार सात ते बारा वर्षांच्या बालकास आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता नसेल, तर त्याचे कृत्यही अपराध ठरत नाही. म्हणजे बारा वर्षे पूर्ण झाली की दायित्वाच्या दृष्टीने मुलगा व प्रौढ यांत संहितेने भेद ठेवला नाही.

सात वर्षांची ही रेषा इंग्लंडच्या रूढ कायद्यातून आली होती. हिंदुस्थानातील बालकांच्या वाढीचा, शिक्षणाचा वा राहणीमानाचा अभ्यास करून ती ठरविली गेली नव्हती. याच संहितेने मुलीच्या संमतीचे वय दहा वर्षे ठेवले होते. त्या वयावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. मलबारींची चळवळ, रखमाबाईंचा खटला, ‘केसरी’ व ‘सुधारक’ यांतील वाद आणि अखेर १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने झालेली बारा वर्षांची मर्यादा, हा इतिहास सर्वपरिचित आहे. टिळकांचा विरोध सरकारी हस्तक्षेपाला होता, तर आगरकरांनी कायद्याचा पुरस्कार केला. वयाच्या आकड्यावर एवढा खल करणाऱ्या त्या पिढीत गुन्ह्याच्या दायित्ववयावर मात्र तशी चर्चा उभी राहिली नाही. संमतिवयाचा प्रश्न प्रत्येक घराच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला होता. कोर्टात उभी राहणारी मुले बहुधा ज्या घरांतून येत, त्या घरांचा आवाज वृत्तपत्रांपर्यंत पोहोचत नव्हता.

४. फटके आणि सुधारशाळा

एकोणिसाव्या शतकात बालगुन्हेगारांबाबत सरकारपुढे दोन मार्ग होते. पहिला मार्ग शारीरिक शिक्षेचा होता. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्यानुसार सोळा वर्षांखालील अपराध्यास अन्य शिक्षेऐवजी फटके देता येत. तुरुंगातील सराईत कैद्यांची संगत टळते, असे त्याचे समर्थन केले जाई. या शिक्षेचा उपयोग राजकीय चळवळीतील मुलांविरुद्धही झाला. असहकार आंदोलनात १९२१ मध्ये वाराणसी येथे पंधरा वर्षांच्या चंद्रशेखर आझादांना पंधरा फटक्यांची शिक्षा झाली होती. फटक्यांची शिक्षा स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये रद्द करण्यात आली.

दुसरा मार्ग सुधारणेचा होता. १८५० च्या उमेदवारीविषयक कायद्याने अनाथ व गरीब मुलांना, तसेच किरकोळ गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांना, हस्तव्यवसाय शिकण्यासाठी मालकाकडे ठेवण्याची तरतूद केली. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाने औद्योगिक व सुधारशाळा उभी राहिली. पुढे सुधारशाळांचा कायदा १८७६ मध्ये व सुधारित स्वरूपात १८९७ मध्ये आला. १८९७ च्या कायद्यानुसार दोषी ठरलेल्या पंधरा वर्षांखालील मुलास तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येत असे. कायद्याच्या व्याख्येत फक्त मुलग्यांचा समावेश होता, मुलींचा नव्हता.

या दोन्ही मार्गांत दायित्ववयाला हात लावलेला नव्हता. मूल प्रथम दोषी ठरत असे आणि सवलत मिळाली तर ती शिक्षेच्या स्वरूपात मिळे. राजकीय गुन्ह्यात तीही अपेक्षा नव्हती. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध करणारे अनंत कान्हेरे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले, तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. त्यांच्या वयाचा उल्लेख आज आदराने केला जातो. १९१० च्या कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या वयाला काहीच महत्त्व नव्हते.

५. मुंबई मुलांचा कायदा : १९२४ व १९४८

सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील हिंदुस्थान तुरुंग समितीने (१९१९–२०) बालकांना तुरुंगापासून दूर ठेवावे व त्यांच्यासाठी स्वतंत्र न्यायालये असावीत, अशी शिफारस केली. त्यानुसार मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) या प्रांतांनी मुलांचे कायदे केले. मुंबईच्या कायद्याने चौदा वर्षांखालील ‘बालक’ व चौदा ते सोळा वर्षांची ‘तरुण व्यक्ती’ असे दोन वर्ग केले. १९२७ मध्ये मुंबई शहरात कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी-उमरखाडी येथील रिमांड होम आणि पुढे मानखुर्दचे बालगृह या नावांशी मुंबईच्या बाल न्यायाचा इतिहास जोडला गेला. १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याच्या शिक्षणाची संस्था सुरू झाल्याने प्रशिक्षित परिविक्षा अधिकाऱ्यांची परंपराही निर्माण झाली. सोळा ते एकवीस वयोगटासाठी १९२९ मध्ये बोर्स्टल शाळांचा कायदा झाला व तत्कालीन मुंबई प्रांतातील धारवाड येथे अशी शाळा चालविली गेली.

या कायद्याचा खरा बदल न्यायालयाच्या स्वरूपात दिसतो. मुलाने काय केले, याबरोबरच ते कोणत्या घरातून आले, शाळेत जाते काय, त्याला पोसणारे कोणी आहे काय, हे प्रश्न न्यायासनापुढे आले. परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पुराव्याइतकाच महत्त्वाचा ठरला. तथापि हा कायदा अधिसूचनेने टप्प्याटप्प्याने लागू करावयाचा असल्याने तो मुख्यतः शहरी राहिला. मुंबईतील मुलाला जे न्यायालय लाभले, ते घाट उतरून आलेल्या कुळागरातल्या वा डोंगरवाडीतल्या मुलाला बराच काळ लाभले नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई मुलांचा कायदा आला. त्याने सोळा वर्षांची मर्यादा स्वीकारली. १९६० मध्ये केंद्रशासित प्रदेशांसाठी झालेल्या केंद्रीय कायद्याने मुलांसाठी सोळा व मुलींसाठी अठरा वर्षे असा भेद केला. इतर राज्यांत वेगवेगळे कायदे होते, तर काही ठिकाणी कायदाच नव्हता. त्यामुळे राज्याची सीमा ओलांडली की मूल बालक राहील की नाही, हेही निश्चित नसे.

६. सोळावरून अठरा : १९८६ ते २०००

ही विषमता दूर करण्यात मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेचा वाटा महत्त्वाचा आहे. देशभरातील तुरुंगांत असलेल्या बालकांचा प्रश्न त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. १९८६ मध्ये न्यायालयाने बालकांना तुरुंगात ठेवू नये, असे बजावून संपूर्ण देशासाठी एकच कायदा असावा, असे मत व्यक्त केले. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम संमत झाला व २ ऑक्टोबर १९८७ पासून अमलात आला. मुलांसाठी सोळा व मुलींसाठी अठरा ही मर्यादा त्यात कायम राहिली.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने (१९८९) अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानले. भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. त्या अनुषंगाने बाल न्याय अधिनियम २००० मध्ये मुलगा व मुलगी दोघांसाठी अठरा वर्षे ही समान मर्यादा आली. हा अधिनियम १ एप्रिल २००१ पासून लागू झाला. ‘बालगुन्हेगार’ या शब्दाची जागा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ या संज्ञेने घेतली. हा शब्द जड असला तरी त्यामागील भूमिका समजून घेण्यासारखी आहे. पूर्वीची संज्ञा मुलाची ओळख सांगत होती. नवी संज्ञा त्याची तात्कालिक अवस्था सांगते.

वय कोणत्या दिवसाचे मोजावे, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयापुढे हजर केल्याचा दिवस ग्राह्य धरला. २००५ मध्ये प्रतापसिंग खटल्यात घटनापीठाने गुन्ह्याचा दिवस हाच निर्णायक ठरविला. २००६ च्या दुरुस्तीने अल्पवयाचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही, करता येईल असे स्पष्ट केले. ही दुरुस्ती तांत्रिक वाटली, तरी एका माणसाचे आयुष्य पुढे तिच्यावर अवलंबून राहिले.

७. पुण्यातील खटला : १९९४ ते २०२३

२६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यातील कोथरूड भागात एका कुटुंबातील पाच स्त्रिया व दोन मुले अशा सात जणांची हत्या झाली. त्यांपैकी एक स्त्री गर्भवती होती. या घटनेने शहर हादरून गेले. १९९८ मध्ये पुणे सत्र न्यायालयाने आरोपींना फाशीची शिक्षा दिली व २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आरोपींपैकी एक जण राजस्थानातून आलेला होता. संपूर्ण खटला तो प्रौढ आहे, असे मानूनच चालला.

अनेक वर्षांनंतर त्याने आपण घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडून चौकशी करविली. त्याच्या गावच्या शाळेतील नोंदी तपासल्या गेल्या. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय १२ वर्षे ६ महिने होते. बालक म्हणून त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवता आले असते. त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता आणि त्यातील मोठा काळ फाशीच्या छायेत गेला होता.

हा खटला सोपा नाही. सात निरपराध जीव गेले व त्या कुटुंबाचे दुःख कोणत्याही निर्णयाने कमी होत नाही. तरीही दोन गोष्टी नोंदविणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट अशी की, १९९४ मध्ये लागू असलेल्या कायद्यानुसारही तो बालकच होता, कारण सोळा वर्षांची मर्यादा तेव्हा अस्तित्वात होती. म्हणजे येथे कायदा अपुरा पडला नाही, वयाचा पुरावा वेळेवर पुढे आला नाही. दुसरी गोष्ट अशी की, दंड संहितेच्या कलम ८३ मधील बारा वर्षांच्या मर्यादेपासून तो केवळ सहा महिने दूर होता. फाशीची कोठडी व बालपण यांच्यामधील अंतर शाळेच्या रजिस्टरातील एका ओळीएवढे होते.

८. अठरावरून पुन्हा सोळाकडे : २०१२ ते २०२५

१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचाराच्या घटनेतील एक आरोपी अल्पवयीन होता. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईतील शक्ती मिल परिसरातील घटनेतही अल्पवयीनाचा सहभाग पुढे आला. वयोमर्यादा कमी करण्याची मागणी जोर धरू लागली. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये मर्यादा कमी करण्याची शिफारस केली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सलील बाली प्रकरणात अठरा वर्षांची मर्यादा वैध ठरविली. संसदेच्या स्थायी समितीनेही फेब्रुवारी २०१५ मध्ये सोळा ते अठरा वयोगटासाठी वेगळी तरतूद करण्यास प्रतिकूल मत दिले. २०१३ मध्ये दंड संहितेखालील एकूण गुन्ह्यांत बालकांविरुद्ध नोंदलेल्या गुन्ह्यांचे प्रमाण सुमारे १.२ टक्के होते, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

तथापि डिसेंबर २०१५ मध्ये राज्यसभेने विधेयक संमत केले व १५ जानेवारी २०१६ पासून नवा बाल न्याय अधिनियम लागू झाला. अठरा वर्षांची व्याख्या कायम राहिली. मात्र सोळा ते अठरा वयोगटातील बालकाने किमान सात वर्षांच्या शिक्षेस पात्र असा निर्घृण गुन्हा केल्यास, त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणामांची जाणीव यांचे प्राथमिक मूल्यांकन करून बाल न्याय मंडळ त्यास प्रौढाप्रमाणे खटल्यासाठी पाठवू शकते. त्यालाही फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही. हे मूल्यांकन अत्यंत नाजूक असून त्यात मानसशास्त्रज्ञांचे साहाय्य आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

१९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर येथे सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाकडून मिळालेल्या जामिनातील तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीने संताप उसळला. पुढे त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली, २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला आणि जुलै २०२५ मध्ये त्याला प्रौढ मानून खटला चालविण्याची मागणी मंडळाने फेटाळली. जनतेचा राग समजण्यासारखा होता. परंतु त्या रागाचे मूळ वयोमर्यादेत किती आणि पैसा व वजन यांच्या बळावर न्याय वाकतो या संशयात किती, हे वेगळे करून पाहिले गेले नाही. १९९४ चा राजस्थानातून आलेला मुलगा आणि २०२४ चा पुण्यातील मुलगा हे एकाच कायद्यासमोर उभे होते. एकाचे वय पहिल्याच दिवशी सर्वांना ठाऊक होते, तर दुसऱ्याचे वय कळण्यास सुमारे तीन दशके लागली.

९. वयाचा पुरावा : साजगाव परिसराच्या संदर्भात

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील खालापूर तालुक्यातील साजगाव हे विठोबाच्या यात्रेमुळे धाकटी पंढरी म्हणून ओळखले जाते. शेजारी खोपोलीचे कारखाने व द्रुतगती महामार्ग आहे, तर कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर कातकरी व ठाकर वाड्या आहेत. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. स्थलांतराच्या या चक्रात मुलाचा जन्म कोठे झाला व नोंद कोठे झाली, याचा मेळ बसत नाही.

२०१५ च्या अधिनियमाचे कलम ९४ वयाच्या पुराव्याचा क्रम सांगते. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त प्रमाणपत्र, ते नसल्यास ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसल्यास हाडांची वैद्यकीय तपासणी. यांपैकी शाळेच्या नोंदीचे स्वरूप महाराष्ट्रातील प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. जुन्या पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू होई आणि पालकांना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी प्रवेशास योग्य ठरेल असे वर्ष लिहून १ जून टाकीत. शाळाप्रवेशापुरती ही सोय निरुपद्रवी होती. परंतु सोळा की सतरा, सतरा की अठरा, हे जेथे ठरवायचे असते, तेथे अंदाजाने लिहिलेली हीच तारीख निर्णायक ठरते. वैद्यकीय तपासणीतही एक-दोन वर्षांचा फरक संभवतो. ज्याच्याकडे शहरी रुग्णालयाचा जन्मदाखला आहे, त्याचे बालपण पुराव्याने सिद्ध आहे. ज्याचा जन्म भट्टीवरच्या झोपडीत झाला, त्याला आपले बालपण शाबीत करावे लागते.

१०. निष्कर्ष

अ) महाराष्ट्रातील बाल न्यायाचा इतिहास हा मुख्यतः वरच्या रेषेचा इतिहास आहे. चौदा, सोळा, अठरा आणि निर्घृण गुन्ह्यांपुरते पुन्हा सोळा, असा तिचा प्रवास झाला. वर जाणारी पावले प्रायः समित्या, याचिका व आंतरराष्ट्रीय करार यांमुळे पडली, तर खाली येणारे पाऊल लोकक्षोभामुळे पडले.

आ) खालची रेषा १८६० पासून तशीच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २० व २१ मध्येही सात व बारा हेच आकडे आहेत. ज्या इंग्लंडकडून सात वर्षांची मर्यादा आली, त्याने ती १९३३ मध्ये आठ व १९६३ मध्ये दहा केली. स्कॉटलंडने २०२१ पासून बारा वर्षांची मर्यादा अमलात आणली. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१९ मध्ये किमान चौदा वर्षांची शिफारस केली. योगायोगाने मांडव्य ऋषींनी घालून दिलेली मर्यादाही तीच आहे. ब्रिटिशकालीन कायदे बदलण्याचा उद्देश जाहीर करून झालेल्या संहितेत हा ब्रिटिशकालीन आकडा राहून गेला, हे विचारार्ह आहे.

इ) बाल न्याय मंडळ, निरीक्षणगृह व परिविक्षा या व्यवस्थेमुळे सात वर्षांच्या मुलाला आज तुरुंगात जावे लागत नाही, त्यामुळे खालची रेषा निरर्थक आहे, असा युक्तिवाद होऊ शकतो. तो अंशतः खरा आहे. परंतु गुन्ह्याची नोंद, पोलिसांशी पहिला संबंध व मंडळापुढील उपस्थिती याच रेषेपासून सुरू होते. दायित्वाचा आरंभ ही केवळ शिक्षेची बाब नाही.

ई) वयाचा आकडा कोणताही असला, तरी तो सिद्ध करण्याची साधने सर्वांना सारखी उपलब्ध नसतील, तर कायदा समान राहत नाही. ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आश्रमशाळेचे रजिस्टर व अंगणवाडीची वही ही बाल न्यायाची साधने आहेत, या दृष्टीने त्यांची काळजी घेतली जाणे आवश्यक आहे. अटकेच्या पहिल्याच दिवशी मुलाचे वय विचारून त्याचा पुरावा शोधला गेला असता, तर १९९४ चा तो खटला वेगळ्या न्यायासनापुढे उभा राहिला असता. दायित्वाच्या वयाविषयीची पुढील चर्चा या प्रश्नाला वगळून करता येणार नाही.